जोत्याची उंची

माझ्या बाबांना रस्त्याचं वेड होतं. कुणाला पत्त्यांचं असतं, कुणाला भजनाचं, यांना रस्त्याचं. ग्रामसभा असली की सकाळी दाढी करून, धुवट सदरा घालून बाबा पहिल्या रांगेत जाऊन बसायचे. विषय नळपाण्याचा असो नाहीतर शाळेच्या पत्र्यांचा, शेवटी हे उभे राहून विचारणार, "आमच्या आळीच्या रस्त्याचं काय झालं?" सरपंच बदलले, ग्रामसेवक बदलले, प्रश्न बदलला नाही. लोक हसायचे. आई तर तोंडावर म्हणायची, "तुमचं लगीन माझ्याशी लागलंय का रस्त्याशी?"

पण त्या वेडाला कारण होतं. कर्जतहून खोपोलीकडे जाताना मोठा रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं, आणि गावात आमची आळी सगळ्यात खालच्या अंगाला, भातखाचरांना लागून. माझ्या लहानपणी आळीत पावसाळाभर पोटरीएवढा चिखल असायचा. माझ्या पाठचं मूल व्हायच्या वेळी आईला बाजेवर घालून चौघांनी त्या चिखलातून मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं. एकाचा पाय घसरला आणि बाज कलंडली. आई वाचली, मूल राहिलं नाही. पुढे तिला मूल झालंच नाही, म्हणून मी एकुलती. या गोष्टीबद्दल बाबांनी घरात कधी चकार शब्द काढला नाही. जे काही बोलायचं ते ग्रामसभेत बोलायचे.

मग निधी येऊ लागला. गावाभोवती फार्महाऊस झाली, नेरळ-कर्जतकडे इमारती उठल्या, आणि रस्त्यांसाठी कधी वित्त आयोगाचा, कधी जिल्हा परिषदेचा, कधी आमदारांचा असा पैसा आमच्या आळीपर्यंत पोचला. आधी खडी पडली, मग डांबर झालं, मग काँक्रीट. काही वर्षांनी काँक्रीटला भेगा गेल्या, तर त्याच्यावर पुन्हा काँक्रीट. दर वेळी नारळ फुटायचा, पेढे वाटले जायचे आणि आळीच्या तोंडाशी नवा फलक लागायचा. जुना रस्ता मात्र होता तिथेच राहायचा. तो उकरून काढायचा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात नसायचा. नवा थर जुन्यावर. आणि थर जितका जाड तितका ठेकेदार चांगला, असं आम्हीच म्हणायचो. गटाराचा निधी वेगळा होता. तो कायम पुढच्या वर्षी येणार होता.

आमच्या ओट्याला पायऱ्या होत्या, त्या एकेक करून रस्त्यात गेल्या. मग एका वर्षी ओटा आणि रस्ता एक झाले, आणि त्याच्या पुढच्या खेपेला रस्ता वर आणि ओटा खाली. पूर्वी मी माहेरी घरात चढून जायचे, आता उतरून जायला लागले. आई संध्याकाळी ओट्यावर तांदूळ निवडत बसायची, तिला आता येणाऱ्याजाणाऱ्यांचे पायच आधी दिसायचे. "मी माणसं चपलांवरनं ओळखते हल्ली," ती मला म्हणाली. "तोंड बघायचं तर मान मोडते गं." बाबांना हे आवडायचं नाही. रस्त्याला नावं ठेवलेली त्यांना खपायची नाहीत.

पण पाणी काही बाबांचं ऐकत नव्हतं. वरच्या आळीचं सगळं पाणी काँक्रीटवरून घसरत यायचं आणि उतार मिळाला की घरात शिरायचं. आमचं घर मातीच्या भिंतींचं, वर कौलं. पावसाळा संपला तरी भिंती दिवाळीपर्यंत ओल्या. आईला दमा होताच, त्या ओलीनं तो बळावला. रात्र-रात्र बसून काढायची. मी तिला खोपोलीच्या ज्या डॉक्टरांकडे न्यायचे, ते दर वेळी तेच सांगायचे, "औषधं देतो, पण आधी यांना कोरड्या जागेत ठेवा. अशा जमिनीवर अजून दोन-चार पावसाळे काढले तर मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही."

मी खोपोलीत राहते. नवरा कंपनीत, मी पतसंस्थेत. मी म्हटलं, माझ्याकडे या. पण लेकीच्या घरी कायमचं राहायला ती तयार नव्हती, आणि बाबा तर मुळीच नाही. तेवढ्यात घरकुल मंजूर झालं. पंचायतीतून निरोप आला तेव्हा आईनं मला फोन केला आणि नुसती हसत राहिली, बोलेचना. मला वाटलं हिला दम लागला. मग म्हणाली, "लादी बसवणार हाय मी. पांढरी. पुसली की कोरडी व्हनारी." तिला घरकुलातून एवढंच हवं होतं, कोरडी जमीन.

आता इथे थोरल्या काकांची गोष्ट सांगायला हवी.

बाबांचे थोरले भाऊ आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. दोन्ही घरं आजोबांनी एकदमच बांधलेली, आणि बांधताना आमच्याकडच्या रीतीप्रमाणे धाकट्याचा ओटा थोरल्याच्या ओट्यापेक्षा वीतभर खाली ठेवलेला. आमच्या आळीत सगळ्या भावकीत हेच. गणपती थोरल्याकडे, दसऱ्याचं सोनं आधी थोरल्याच्या ओट्यावर, आणि घराचं जोतं थोरल्याच्या वर कधी जायचं नाही. कुणी नेलंच तर गाव म्हणतं, धाकट्यानं थोरल्याच्या डोक्यावर पाय ठेवला. शेतं विकली गेली, पोरं कंपन्यांत लागली, चुली जाऊन गॅस आले, पण ही रीत कुणी मोडली नाही. मोडायला कुणाकडे नवं घर बांधण्याइतका पैसा होता म्हणा!

काका म्हणजे अबोल माणूस. आयुष्यभर बाबा त्यांना उलटून बोलले नाहीत आणि आईनं त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. काकांचा मुलगा पनवेलला नोकरीला. त्यानं मागच्या बाजूला पक्क्या दोन खोल्या काढून दिल्या होत्या, त्यामुळे काका घरकुलाच्या निकषांत बसले नाहीत. पुढचं जुनं घर, ओटा, सगळं आमच्यासारखंच रस्त्याखाली गेलेलं. म्हणजे धाकट्याला सरकारी घर मिळालं आणि थोरला तसाच राहिला. काका त्यावर "चांगलं झालं," एवढंच म्हणाले आणि घरात गेले. बाबांच्या मनाला मात्र ते फार लागलं होतं. आपण भावाच्या ताटातलं उचलून खाल्लंय, असा चेहरा करून ते महिनाभर वावरत होते.

माघात जुनं घर पाडलं. आईबाबा गोठ्यात राहायला गेले. पाया भरून झाला आणि जोत्याची दोरी धरायच्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून गेले. गवंड्यानं रस्त्यापासून माप घेतलं आणि म्हणाला, "रस्त्याच्या वर हातभर तरी घेऊ. पुढंमागं अजून थर पडला तरी भीती नाय."

बाबा म्हणाले, "रस्त्यावरनं नाय धरायचं. दादाच्या ओट्यावरनं धर. त्याच्या खाली वीतभर."

गवंडी बघतच राहिला. "आवो, तो ओटाच खड्ड्यात हाय."

"असूं दे."

मी भांडले. चारचौघांत भांडले. म्हटलं, बाबा, आईसाठी बांधताय का काकांसाठी? बाबांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आधीच त्याला घर नाय मिळालं. आता त्याच्या छाताडावर जोतं उचलू? लोक काय म्हनतील ते र्‍हाऊ दे, तो काय म्हनेल?"

"मग विचारा त्यांना. तिथे तर बसलेत."

काका त्यांच्या ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. सगळं त्यांना दिसत होतं, ऐकूही जात असणार.

"इचारायचं काय?" बाबा म्हणाले. "इचारलं म्हंजे त्याच्या तोंडावर सांगितलंच ना, तुझं घर बुडलंय म्हणून." मग मी काकांकडे निघाले, तर बाबांनी माझा हात धरला आणि स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. आई गोठ्याच्या दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही. मी रागारागानं खोपोलीला निघून आले. घर पाहावं बांधून म्हणतात ते काही खोटं नाही.

जोतं झालं. पंचायतीचा माणूस येऊन आईबाबांना जोत्यापुढे उभं करून मोबाइलवर फोटो काढून गेला, मग पुढचा हप्ता आला, भिंती उठल्या, स्लॅब पडला. कामात कुणी खोट काढावी असं काही नव्हतं. फोटोत घर उत्तम दिसायचं. रस्त्यावरून कुणी फोटो काढला असता तर कळलं असतं की खिडकीची खालची कड आणि रस्ता यांच्यात फार अंतर नाही. पण तसा फोटो कुणाला नको होता.

वैशाखात वास्तुशांत केली. काका आले, पंगतीत पहिले बसले, जेवले. आईनं पांढरी लादी बसवून घेतली होती. आलेल्या प्रत्येकीला ती लादीवर हात फिरवायला लावायची. मला म्हणाली, "रातची उठते नि पाय ठेवून बघते. थंड लागते गं, पण कोरडी." दोन महिने तिचा दमा खरंच कमी झाला. मला वाटलं, चुकलं आपलंच, उगाच बाबांना बोललो. ते दोन महिने आठवले की आता जीव कासावीस होतो.

आषाढात पाणी आलं. पहिल्या एक-दोन जोराच्या सरींना उंबऱ्याशी थांबलं, मग आत आलं. बाबांनी दाराशी सिमेंटचा बांध घातला तर ते न्हाणीच्या मोरीतून उलटं वर आलं. पांढऱ्या लादीवर ते मातकट पाणी उभं राहिलं आणि आई खाटेवर पाय वर घेऊन बसली. बाबा परातीनं पाणी उपसून रस्त्यावर फेकायचे, आणि रस्ता ते परत द्यायचा. शेजारी काका त्यांच्या घरातून उपसत होते. दोन म्हातारे भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहून पाणी उपसताहेत आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

खाटेखाली विटा लावल्या, पण ओल हवेत असते, ती विटांना थोडीच मोजते! आईची धाप इतकी वाढली की तिला एक वाक्य सलग बोलता येईना. मी बाबांना विचारलं नाही. गाडी घेऊन गेले आणि तिला खोपोलीला आणलं. निघताना तिनं घराला हात जोडले. मी म्हटलं, "अगं, चार दिवसांनी परत यायचंय." ती नुसती हसली.

माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सगळं कोरडं होतं आणि तिला तिथे करमत नव्हतं. रोज सकाळी बाबांना फोन लावून द्यायचा आणि तिनं विचारायचं, "उतरलं का पाणी?" बाबा म्हणायचे उतरलं. ती फोन ठेवून म्हणायची, "खोटं बोलतात." श्रावणात, एका सकाळी, चहा घेता घेता तिला धाप लागली ती थांबलीच नाही. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

आमच्यात माणूस गेलं की त्याच्या घरून न्यायचं. पुढच्या खोलीत जमीन सारवून तिच्यावर ठेवायचं, तिथे आंघोळ घालायची, मग न्यायचं. आम्ही तिला गाडीतून गावी आणलं तर घरात घोटाभर पाणी. काकांकडे पाहिलं, तिथेही तेच. गोठ्यात तर जनावरांनाही उभं राहायला जागा नव्हती. गाडीचं दार उघडं, आई आत, आणि आळीतले सगळे एकमेकांकडे बघत उभे. कुणीतरी म्हणालं, देवळात न्या. बाबा म्हणाले, "देवळात नाय. तिच्या दारातच."

शेवटी तिला रस्त्यावर ठेवलं. घराच्या दारासमोर तेवढीच पाणी न तुंबलेली जागा होती. शेजारच्या बाईनं काँक्रीटवर शेणाचं पाणी शिंपडलं, ते लागेना, घरंगळून आमच्याच घरात गेलं. गड्यांनी वर ताडपत्री धरली. बायकांनी साड्यांचा आडोसा केला आणि तिथे रस्त्यावर आम्ही आईला आंघोळ घातली. आयुष्यभर जिनं थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नाही, तिची शेवटची आंघोळ भर रस्त्यात झाली. मला इतकी लाज वाटली, इतका संताप आला, की मी रडलेसुद्धा नाही. बाबा खाली, आपल्या दारात, पाण्यात पाय घालून उभे होते. तिथून त्यांना वर बघावं लागत होतं.

तेरावं झालं. पाऊस ओसरला, घरातलं पाणी उतरलं. लादीवर मातीचा एक पट्टा राहिला होता, तो मी घासून काढत होते. बाबा भिंतीला टेकून बसले होते. दारात अंधारल्यासारखं झालं म्हणून मी वर बघितलं तर काका. वास्तुशांतीनंतर ते पहिल्यांदाच आमच्या घरात येत होते. ते आत आले, बाबांच्या समोर लादीवर बसले आणि लादीवरचा तो पट्टा बोटानं पुसून बघितला.

"इचारायचं तरी होतंस रं," काका म्हणाले. "मी नाय म्हनलो असतो का?"

बाबांनी मान वर केली नाही. "तुला वाईट वाटलं असतं."

"माझं घर बुडलंय हे मला म्हाईत नव्हतं व्हय? दोरी धरली त्या दिवशी मी मुद्दाम ओट्यावर येऊन बसलो व्हतो. म्हटलं, आता येईल, मंग येईल. तू म्हनायचं, दादा, वर घेऊ का? मी म्हनायचं, घे. एवढंच व्हतं."

"मंग तूच का नाय म्हनालास?"

"मी कसा म्हनू? थोरला हाय मी." हे ते मोठ्या आवाजात बोलले. माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मला त्या दोघांना धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. वीतभर मानासाठी दोन भाऊ भिंतीच्या दोन बाजूंना गप्प बसले आणि मधल्यामध्ये माझी आई गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका पुन्हा बोलायला लागले. या वेळी आवाज अगदी बारीक होता.

"ती आली व्हती रं."

बाबांनी वर बघितलं.

"दोरी धरली त्याच रोजी, दुपारच्याला. तू गवंड्याला घेऊन जेवाय गेलावतास. माझ्या ओट्याखाली येऊन उभी र्‍हायली. पदर हा असा घेतलेला. कधी बोलली नव्हती माझ्याशी, बोलायला जमंना तिला. म्हनाली, भाऊजी, मला श्वास घ्यायला तरास व्हतो, जोतं वर घेऊ द्या." काकांनी तळहातानं तोंड पुसलं. "मी म्हनालो, त्याला येऊ दे. त्यानं इचारलं पायजे. ती बरं म्हनाली नि गेली."



"मला नाय बोलली ती," बाबा म्हणाले. "कधीच नाय बोलली."